हुकूम पंख्याचा

१८३७ सालची गोष्ट. फ्रान्सिस पेटिट स्मिथ नावाचा एक इंग्रज शेतकरी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात आपली सहा टनी बोट चालवून पाहत होता. बोटीखाली लाकडाचा लांबलचक स्क्रू बसवलेला होता, पूर्ण दोन वेढ्यांचा. चालता चालता स्क्रू पाण्याखाली कशावर तरी आदळला आणि त्याचा अर्धा भाग तुटून गेला. आता बोट रखडणार असं वाटत असतानाच ती आधीपेक्षा जोरात पळू लागली. दोन वेढ्यांपेक्षा एक वेढा बरा, हे ज्ञान स्मिथला कागदावरच्या गणितातून मिळालं नाही, अपघातातून मिळालं.

पुढे सुमारे साठ वर्षांनी चार्ल्स पार्सन्सची ‘टर्बिनिया’ आली. टर्बाइनवर चालणारी ही पहिली बोट सुरुवातीला मनासारखी पळेचना. ताकद भरपूर होती, पण पंखा इतक्या वेगानं फिरे, की पात्यांवरचा दाब घसरून पाण्याची वाफ होई आणि पंखा त्या बुडबुड्यांतच गरगरत राही. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. पार्सन्सनं छोटी चाचणी-टाकी बांधून हे बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग एका दांड्याऐवजी तीन दांडे घातले आणि प्रत्येक दांड्यावर तीन पंखे चढवले. १८९७ साली स्पिटहेडला राणीच्या नौदल संचलनात ही बोट ३४ नॉटच्या वर वेगानं आरमाराच्या रांगांमधून सुसाट निघून गेली.

इंजिन कितीही मोठं असो, पाण्यात हुकूम चालतो तो पंख्याचा. आज ही गोष्ट सगळ्यात पोटतिडकीनं बोलली जाते ती अमेरिकेत, बास मासा गळानं धरणाऱ्यांच्या जगात. अलाबामा, टेक्सास, टेनेसीमधल्या धरणांच्या काठी पहाटे ट्रेलरवरून उतरणाऱ्या चमकदार, बसक्या फायबर बोटींच्या मागे २५० अश्वशक्तीची आऊटबोर्ड इंजिनं असतात. त्यांच्या टोकाला असतो १४-१५ इंच व्यासाचा स्टीलचा पंखा. बोटीसकट सगळ्या सरंजामाची किंमत लाखभर डॉलरच्या घरात सहज जाते. पंख्याची किंमत त्यात हजाराच्या आसपास. तरी बोटमालकाच्या वर्षभराच्या कटकटीचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

मासेमारीला इतका वेग कशाला, हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला पडणारच. उत्तर घड्याळात आहे. माँटगोमेरीचा विमा एजंट रे स्कॉट यानं १९६७ साली आर्कान्सासच्या बीव्हर लेकवर मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी ‘बास’ ही गळकऱ्यांची संघटना काढली. १९७१ साली पहिली ‘बासमास्टर क्लासिक’ झाली. २४ स्पर्धकांना विमानात बसवलं आणि आपण कुठे चाललोय हे हवेत गेल्यावर सांगितलं. ठिकाण होतं नेवाडातलं लेक मीड. बॉबी मरे जिंकला, बक्षीस होतं १०,००० डॉलर. त्याच सुमारास, १९६८ मध्ये, आर्कान्सासच्या फ्लिपिन गावात फॉरेस्ट वुड या मासेमारी वाटाड्यानं ‘रेंजर’ बोटींचा कारखाना काढला. स्पर्धा आणि बोटी जोडीनंच वाढल्या.

या स्पर्धांचा नियम साधा आहे. सकाळी एकापाठोपाठ एक बोटी सुटतात आणि दिवसअखेर पाच उत्तम मासे जिवंत आणून वजनाला द्यायचे. ठरल्या वेळेपेक्षा उशीर झाला, तर दर मिनिटाला एक पौंड कापला जातो. जिथे औंसांच्या फरकानं नंबर ठरतात, तिथे एक पौंड म्हणजे घाव. म्हणून साठ मैलांवरच्या खाडीत मासा आहे हे ठाऊक असलं, तरी परतीचा हिशेब आधी मांडावा लागतो.

पण हा हिशेब बारकाईनं केला, की कमाल वेगाचं वेड जरा उतरतं. ताशी ७० मैलांनी साठ मैल जायला सुमारे ५१ मिनिटं लागतात, ७२ मैलांनी ५०. ज्या दोन मैलांसाठी लोक तीन-तीन पंखे विकत घेतात, त्यांची कमाई साठ मैलांत दीड मिनिटाहून कमी. उलट चुकीच्या पंख्यामुळे बोट लाटेत नाक खुपसू लागली, तर ७० सोडा, ४० मैलांनीसुद्धा पळता येत नाही. बोटी पाण्यात उतरवायच्या उतारावरच्या, म्हणजे बोटरॅम्पवरच्या गप्पांत मात्र पहिला प्रश्न ठरलेला असतो: “किती पळते?”

पंखा ओळखायचा तो पिचवरून. पिच म्हणजे पंख्याचा एक पूर्ण फेरा झाला, की तो तात्त्विकदृष्ट्या किती इंच पुढे सरकेल ते अंतर. लाकडात स्क्रू पिळला की तो दर फेऱ्याला ठरावीक आत जातो, तसंच हे. पाणी मात्र लाकूड नव्हे, ते निसटतं. त्यामुळे २४ पिचचा पंखा प्रत्यक्षात २४ इंच जात नाही. जेवढं अंतर कमी पडतं त्याला स्लिप म्हणतात. पिचच्या जोडीला असतो रेक, म्हणजे पात्यांचा मागे झुकलेला कोन. रेक जास्त तितकं नाक वर उचललं जातं. पात्याच्या मागच्या कडेला किंचित वळवलेला ओठ म्हणजे कप. तो पाण्यावरची पकड वाढवतो आणि फेरे थोडे कमी करतो. व्यास इंजिनाच्या ताकदीला अनुसरून बहुधा ठरलेलाच असतो. निवडीचा सगळा खेळ बाकीच्या तिघांत.

यात पहिला, दुसरा आणि तिसरा नियम एकच: फेरे मोजणारा टॅकोमीटर काय म्हणतो ते पाहा. प्रत्येक इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला फेरे कुठे असावेत याचा पट्टा दिलेला असतो. यामाहाच्या २५० अश्वशक्तीच्या ‘व्हीमॅक्स एसएचओ’चा पट्टा मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांचा आहे. बोट पूर्ण भरलेली असताना, थ्रॉटल शेवटपर्यंत दाबून, काटा या पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ यायला हवा. काटा खालीच अडखळला तर पिच जास्त झालं. इंजिन चढावर वरच्या गिअरमध्ये ओढल्यासारखं घुसमटतं, तापतं, आतून काजळी धरतं. काटा पट्टा ओलांडून फेरे रोखणाऱ्या लिमिटरला जाऊन थडकला तर पिच कमी पडलं. ढोबळ आडाखा असा, की एक इंच पिच बदललं की दीडशे ते दोनशे फेऱ्यांचा फरक पडतो.

एक हिशेब आकड्यांत मांडून पाहू. समजा वीस फुटी बोटीवर असं इंजिन आहे, गिअरचं प्रमाण १.७५ आहे (इंजिनाच्या १.७५ फेऱ्यांना पंख्याचा एक) आणि पंखा २६ पिचचा आहे. भरलेल्या बोटीत काटा ५,५००वर अडतो, जीपीएस ६८ मैल दाखवतो. आता सूत्र: फेरे गुणिले पिच, भागिले (गिअर प्रमाण गुणिले १,०५६). एका मैलात ६३,३६० इंच असतात. त्यांना तासातल्या ६० मिनिटांनी भागलं की १,०५६ मिळतात. तात्त्विक वेग आला ७७.४ मैल आणि स्लिप १२ टक्क्यांच्या वर. त्याच जातीचा २४ पिचचा पंखा चढवला. काटा ५,९००वर गेला, जीपीएसवर ६९. तात्त्विक वेग ७६.६, स्लिप १० टक्के. म्हणजे पिच दोन इंचांनी कमी करूनही बोट एका मैलानं जास्त पळाली, इंजिन मोकळं झालं आणि उभी बोट पाण्यावर स्वार व्हायला लागणारा वेळही घटला. मोठा आकडा म्हणजे मोठा वेग, हा समज दुकानाच्या काउंटरवर फार पैसे खातो.

या स्लिपच्या टक्केवारीवरही डोळे मिटून विसंबू नये. नीट बसवलेल्या बास बोटीत ती साधारण १० टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे असते. कुणी छाती फुगवून दोन टक्के सांगितली, तर पंख्यावर कोरलेलं पिच आणि खरं पिच वेगळं असण्याची शक्यता जास्त. कित्येक पंख्यांत पिच पात्याच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत वाढत जातं, त्यात कपची भर पडते. कोरलेला आकडा ही कंपनीची ओळखखूण समजावी. दोन वेगळ्या कंपन्यांचे २४ एकसारखे वागतीलच असं नाही.

तीन पाती की चार, यावर रॅम्पवर दोन तट पडलेले दिसतात. वास्तविक याचं उत्तर पाण्यात आहे. फ्लोरिडाचं ओकीचोबी सरोवर ७३० चौरस मैलांचं, पण सरासरी खोली जेमतेम नऊ फूट. गवत, चिखल, उथळ कडा. तिथे थांबलेली बोट झटकन पाण्यावर चढली नाही तर गाळात रुतते. चार पात्यांचा पंखा मागची बाजू उचलून धरतो, कमी वेगातही बोट तरंगती ठेवतो आणि वळणावर पकड सोडत नाही. अलाबामाच्या गंटर्सव्हिल धरणात हायड्रिला या पाणवनस्पतीच्या गालिच्यांतून वाट काढतानाही तोच उपयोगी. त्यासाठी कमाल वेगातला एखाद-दुसरा मैल द्यावा लागतो. उत्तरेकडे लेक ईरीवर मात्र तीन-तीन फुटी लाटा उसळतात. तिथे नाक वर धरणारा जास्त रेकचा पंखा पाठीचा कणा वाचवतो. मग त्याला तीन पाती आहेत की चार, हे दुय्यम.

समुद्रसपाटीपासूनची उंचीही इथे घुसते. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद घटते, दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के. युटा-ॲरिझोनाच्या सीमेवरचं लेक पॉवेल पूर्ण भरलेलं असताना ३,७०० फुटांवर असतं, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त ताकद गायब. फ्लोरिडात फिट्ट बसलेला पंखा तिथे इंजिनाला गुदमरवतो. देशभर फिरणारे स्पर्धक म्हणूनच गाडीत दोन-तीन पंखे कपड्यांत गुंडाळून ठेवतात.

पंख्याच्या निवडीइतकाच महत्त्वाचा प्रश्न: तो पाण्यात किती खोल फिरवायचा? या खटपटीला सेटअप म्हणतात आणि अनुभवी मेकॅनिक निम्मा दिवस याच्यातच घालवतात. आधुनिक बास बोटीच्या तळाला मागच्या बाजूला मधोमध एक अरुंद सपाट पट्टी असते, तिला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात बोट जवळपास तेवढ्यावरच धावते, बाकी तळ हवेत. इंजिन बोटीला थेट न जोडता जॅक प्लेटवर बसवतात, म्हणजे ते मागे सरकतं आणि वर-खाली करता येतं.

माप घ्यायची रीत बघण्यासारखी आहे. ट्रेलरवर बोट समतल उभी करायची. पॅडखाली एक लांब, सरळ लोखंडी पट्टी घट्ट धरून तिचं टोक इंजिनापर्यंत मागे काढायचं. इंजिन असं झुकवायचं, की पंख्याचा दांडा पट्टीला समांतर होईल. मग पट्टीपासून दांड्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. साधारण तीन-साडेतीन इंचांपासून सुरुवात करतात आणि पाव-पाव इंचानं इंजिन वर नेतात. प्रत्येक पावलाला पाण्यात एक फेरी, फेरे आणि वेग यांची वहीत नोंद, मग पुन्हा पाना. पंख्याच्या दांड्याभोवतीची गिअरकेस जितकी पाण्याबाहेर, तितका पाण्याचा अडसर कमी आणि वेग जास्त. पण पाव इंच जास्त झाला, की वळणावर पंखा वरची हवा ओढून घेतो, इंजिन एकदम किंचाळतं आणि नाक धपकन खाली येतं.

याच वेळी दुसऱ्या एका काट्यावर नजर हवी: थंड करणाऱ्या पाण्याच्या दाबावर. इंजिन आपलं पाणी गिअरकेसच्या छिद्रांतून ओढतं. ती छिद्रं पाण्याबाहेर डोकावू लागली, की दाब पडतो आणि तीस हजार डॉलरचं इंजिन भाजून निघतं. दाब पुस्तकातल्या किमान आकड्याखाली गेला, तर वेग कितीही छान दिसत असो, इंजिन खाली आणायचं. यात तडजोड नाही.

पंख्याच्या हबवर छोटी छिद्रं असतात, त्यांच्याकडे नवखे लक्ष देत नाहीत. बोट सुटताना त्या छिद्रांतून इंजिनाचा धूर पात्यांभोवतीच्या पाण्यात मिसळतो, पाणी हलकं होतं, पंखा पटकन फेरे घेतो आणि बोट वर चढते. वेग आला की पाणी छिद्रांवरून सरळ निघून जातं आणि पकड परत येते. छिद्रांतली प्लास्टिकची बुचं बदलून सुटतानाचा जोर कमी-जास्त करता येतो. सुटताना बोट मंद वाटते म्हणून नवा पंखा घेणाऱ्यांपैकी काहींचं काम चार बुचांत झालं असतं.

अलीकडे या सगळ्या हिशेबात एक नवा भिडू आला आहे, बॅटरी. पुढचा मासा पडद्यावर जिवंत दाखवणारे सोनार आल्यापासून विजेची भूक वाढली. शिसाच्या जड बॅटऱ्या काढून निम्म्याहून कमी वजनाच्या लिथियम बॅटऱ्या बसवण्याची लाट आली. बॅटऱ्या असतात बोटीच्या शेपटीला. तिथलं शे-दीडशे पौंड वजन उतरलं, की काल नीट चालणारी बोट आज नाक जड झाल्यासारखी वागते. मालक पंख्याला शिव्या देतो. मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीचं, म्हणजे लाइव्हवेलचंही तसंच: तीस गॅलन पाणी म्हणजे अडीचशे पौंड. रिकाम्या बोटीत, एकट्यानं, पाव टाकी पेट्रोलवर घेतलेली चाचणी स्पर्धेच्या दिवशी खोटी ठरते, ती याचमुळे.

कारखान्यातून आलेला पंखाही शेवटचा शब्द नसतो. स्टेनलेस पंखे मेणाच्या साच्यावरून ओततात. मेणाच्या प्रतिकृतीवर सिरॅमिकचे थर चढवायचे, मेण वितळवून काढायचं, पोकळीत स्टील ओतायचं. मग घासकाम. त्यात पात्यापात्यांत बारीक फरक राहतो. म्हणून पंखे दुरुस्त करणारे कारागीर आजही टिकून आहेत. ते पातं लोखंडी पिच ब्लॉकवर ठेवून हातोडीनं बेतानं ठोकतात, कपच्या ओठाला किंचित वळण देतात, कड पातळ करतात, सगळी पाती एकमेकांशी जुळवतात. ओंडक्याला धडकून वाकलेला पंखाही ते पुन्हा उभा करतात. ॲल्युमिनियमचा पंखा स्वस्त, पण जोर पडला की त्याची पाती वाकतात. त्यामुळे ताकदवान बास बोटीवर तो सहसा दिसत नाही.

बसवण्यातही हयगय चालत नाही. दांड्याच्या खाचांना समुद्री ग्रीस, पुढे थ्रस्ट वॉशर, मग पंखा, मग नट टॉर्क पान्यानं. मर्क्युरीच्या मोठ्या इंजिनांना हा आकडा ५५ फूट-पौंड. वॉशर उलटा बसला किंवा विसरला, तर गिअरकेसचं नुकसान ठरलेलं. मोसमात दोन-तीनदा तरी पंखा काढून मागे पाहायला हवं. गळाचा तुटका दोरा दांड्याभोवती गुंडाळतो, सील कापतो आणि गिअरच्या तेलात पाणी शिरतं. तेल दुधाळ दिसलं की समजावं, काम वाढलं.

चाचणी घेताना पुरेसं मोकळं पाणी, लाइफ जॅकेट आणि इंजिन बंद पाडणाऱ्या किल स्विचची दोरी या तिन्ही गोष्टी हव्यातच. ताशी सत्तर मैलांवर बोट कधी कधी डावी-उजवीकडे डुलू लागते. सुकाणू हातातून निसटलं, चालक पाण्यात फेकला गेला, तर रिकामी बोट गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते, आणि मागे फिरत असतो तोच धारदार पंखा. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानं २६ फुटांपेक्षा लहान, किल स्विच असलेल्या बोटी वेगात चालवताना तो स्विच चालकाशी जोडलेला असणं बंधनकारक आहे.

आपल्या किनाऱ्यावर पंख्याचं काम वेगळं. मालवण-वेंगुर्ल्याकडच्या छोट्या फायबर बोटींवर दहा अश्वशक्तीच्या आसपासची आऊटबोर्ड मशीनं असतात. त्यांना सत्तर मैलांची घाई नसते. जाळं, बर्फ, माणसं आणि भरतीची ओढ पेलायची असते, म्हणून तिथे कमी पिचचा पंखा हवा. नियम मात्र तोच: भरल्या बोटीत मशीन आपल्या पूर्ण फेऱ्यांपर्यंत पोचतं का? टॅकोमीटर नसला तरी सरावलेला कान ते ओळखतो. दोऱ्याच्या जागी इथे जाळ्याचा तुकडा किंवा नायलॉनचा दोर पंख्यात अडकतो, इतकाच फरक.

अमेरिकेत कुणी नातेवाईक बास बोट घ्यायच्या बेतात असतील, तर त्यांना एवढंच सांगावं: आधी इंजिनाची उंची, मग पंखा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वाऱ्याच्या दिशेनं आणि विरुद्ध अशा दोन्ही फेऱ्या मारा, सरासरी काढा, वहीत लिहा. आणि विकत घेण्याआधी पंखा उसना मागून पाहा. तिकडची बरीच दुकानं अनामत घेऊन चाचणीसाठी पंखे देतात. फक्त परत करताना पात्यावर ओरखडा दिसला, तर तो पंखा तुम्ही विकत घेतला असं धरतात.